उलट्या बाजूचे टाके

पहिला नमुना परत आला तेव्हा वनमालाला राग आला नाही. रागवायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते. तिची सगळी सकाळ सासूला अंघोळ घालण्यात, अंथरूण बदलण्यात आणि लगीनसराईच्या सात ब्लाऊजांना हुक लावण्यात गेली होती.

वनिता मॅडम संभाजीनगरहून पहाटेची बस धरून सिरसाळ्याला आल्या होत्या. एका कॉलेजचं छोटंसं वस्तुसंग्रहालय त्या सांभाळत. पत्र्याच्या खोलीत टेबलफॅन गरम वारा फेकत होता. मॅडमनी शिलाई मशीनवर दोन कापडं शेजारी शेजारी ठेवली. एक वनमालानं महिनाभर खपून भरलेलं आणि दुसरं मूळचं, काचेच्या झाकणाच्या चपट्या पेटीतलं.

"हात अतिशय सुबक आहे तुमचा, वनमालाताई," मॅडम म्हणाल्या. "पण हे चालणार नाही."

"काय चुकलं?"

"तिच्या चुका तुम्ही दुरुस्त केल्यात."

मूळचं कापड ऐंशी वर्षांपूर्वीचं होतं. निजामाच्या राज्यात कुठल्याशा मुलींच्या शाळेत चौथीतल्या एका पोरीनं ते भरलं होतं. हातरुमालाहून थोडं लांबट, पिवळं पडलेलं दुसुती कापड आणि त्यावर लाल-निळ्या दोऱ्याच्या नऊ ओळी. सगळ्यात वर उर्दू अक्षरं, खाली अ आ इ ई, मग आकडे, मग वेली, साखळ्या, काजाचे टाके, आणि शेवटी: चंद्रभागा, इयत्ता चौथी, फसली सन १३५४. आडनाव होतं तिथं कसरीनं खाल्लं होतं.

मॅडम त्याला सॅम्पलर म्हणत. वनमाला नुसतं नमुना म्हणायची. जुन्या काळी ही पोरींची भरतकामाची वहीच असायची, असं मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. एकेक टाका शिकायचा आणि कापडावर उतरवून ठेवायचा. लग्न झालं की तो नमुना ट्रंकेत घालून सासरी न्यायचा. पुढं लेकराच्या कुंचीला किनार घालायची झाली, तर ट्रंक उघडायची, नमुना पालथा करून दोरे मोजायचे आणि टाका पुन्हा उचलायचा. आता त्या कापडाला बोट लावलं तरी दोरा तुटत होता, आणि कॉलेजातल्या पोरींना तर ते हातात घेऊन, उलटंसुलटं करून शिकायचं होतं. म्हणून मॅडमना तीन हुबेहूब नमुने हवे होते. परळीच्या बचत गटाच्या स्टॉलवर वनमालाचं मॅटीच्या कापडावरचं तोरण बघून त्या तिचा पत्ता विचारत आल्या होत्या.

"टाका तोच पाहिजे, ताण तोच, चूकसुद्धा तीच," मॅडम म्हणाल्या. "तुमचं काम बघून मुली तुमच्यासारखं शिकतील. मला त्यांना चंद्रभागा दाखवायचीय."

खोलीच्या कोपऱ्यात बाजेवर वनमालाची सासू बायनाबाई पडून होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. जीभही जड झाली होती, पण बोलायची सोय तेवढी उरली होती. "चिंध्या," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "चिंध्यांचा उद्योग नुस्ता."

तीस वर्षं वनमाला हे ऐकत आली होती. लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेरहून शिलाई मशीन आणलं होतं. गल्लीतल्या बाया ते बघायला जमल्या आणि सासूनं त्यांच्यासमोरच पहिल्यांदा हा शब्द काढला. पुढं त्याच मशीनवर पोराची फी निघाली, घरावर पत्रे आले. पण शब्द काही बदलला नाही.

मॅडमनी जाताना मूळ कापडाच्या दोन्ही बाजूंचे मोठे रंगीत फोटो ठेवले. पुढचा आणि मागचा. कापड मात्र पेटीत घालून परत नेलं.

"नको म्हणून सांगायचं ना," संध्याकाळी तिचा नवरा रामकिसन म्हणाला. तो आडतीवर काट्यापाशी असायचा. दिवसभर पोती मोजून घरी आला की त्याला कुठल्याच गोष्टीचं ओझं नको असायचं. "मुद्दाम वाकडं करायला कोण सांगतं का? आन् तुझी मान तर वळत न्हाई."

"बघते."

"काय बघतीस? शिवशंकरनं चष्मा बदलाय सांगितलाय तुला. त्ये आदी बघ."

शिवशंकर त्यांचा मुलगा, पुण्यात कंपनीत होता. तो दर रविवारी फोनवर चष्म्याचं विचारायचा आणि वनमाला दर रविवारी बघते म्हणायची. मॅडमना नको म्हणायला तिला लाज वाटली असती असं नव्हे. पण एका कामाला महिना घालून ते परत यावं आणि त्या पोरीच्या चुका कशा उतरवायच्या ते कळूच नये, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

मग तिनं मुद्दाम वाकडं भरून पाहिलं. चार टाके ओढून, दोन सैल सोडून. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर ते बरं काम करणाऱ्या बाईनं केलेलं सोंग दिसत होतं. तिनं उसवलं. पुन्हा भरलं, पुन्हा उसवलं. उसवून उसवून कापडाचे धागे सरकायला लागले. मधेच लाईट जायची. मधेच बायनाबाई हाक मारायची, "वनमाले, पाणी." पाणी पाजून यावं तर, "वनमाले, कूस." आणि दोन्ही वेळा भाकर कुस्करून घास भरवायचा. डॉक्टरांनी कितीदा सांगितलं होतं की डावा हात चांगला आहे, आजींना त्या हातानं खाऊ द्या, हात चालता राहील. पण बायनाबाई ताटाला डावा हात लावायची नाही. ती तोंड वासून बसायची आणि वनमाला भरवायची. भरवताना कधीकधी वनमालाला वाटायचं, ही मुद्दाम करते.

आठवड्यानं तिनं मागच्या बाजूचा फोटो दारातल्या उजेडात धरला. खरं काम पाठीमागून कळतं हे तिला ठाऊक होतं. कापडाच्या पुढं दोरा मिरवतो, मागं तो जसा चालला तसाच दिसतो. कुठून निघाला, कुठं अडला, कुठं लांब उडी मारून पुढं गेला. तिनं दोऱ्यांची टोकं हुडकली. मागून पाहताना उजवं-डावं उलटतं, हे ध्यानात ठेवून बोटानं मोजलं. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू झाली होती. ते बरोबरच होतं, उर्दू तिकडूनच लिहितात. पण त्याच्याखाली अ आ इ ई होती, आणि तीही उजवीकडूनच निघालेली. पोरीनं आधी अः भरला होता आणि अ सगळ्यात शेवटी. आकडेही दहापासून एकाकडं आले होते. चौथ्या ओळीतल्या वेलीला देठाच्या टाक्यांचा पीळ होता, तोही वनमाला घालायची त्याच्या उलटा. तरी या पाच ओळी नीटस होत्या. पोरीच्या वयाला तर फारच नीटस.

सहाव्या ओळीपासून सगळं बिघडलं होतं. दोरा डावीकडून निघाला होता, पीळ सरळ झाला होता, आणि टाके मात्र दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात होते. कुठं कापड आक्रसलं होतं. कुठं एकाच भोकात दोरा तीनदा घुसला होता. सहावी, सातवी, आठवी. नववी ओळ नावाची, ती पुन्हा उजवीकडून आणि पुन्हा नीटस.

"काय वाचतीस येवढं?" बायनाबाई बाजेवरून म्हणाली.

"काय न्हाई, आत्याबाई."

"आन हिकडं."

वनमालानं फोटो तिच्या डोळ्यांसमोर धरला. म्हातारीला लांबचं अजून चांगलं दिसायचं, म्हणून तिनं मान मागं ओढली. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली ती वनमालानं पदरानं टिपली.

"ही पोरगी डावरी हाय," बायनाबाई म्हणाली.

"काय?"

"डावरी. डाव्या हाताची. ह्या वरच्या वळी डाव्या हातानं भरल्यात. हितून खाली कुणीतरी मारलंय तिला. उजव्या हातानं कर म्हून." तिनं डाव्या हाताचं बोट सहाव्या ओळीवर टेकवलं. "बघ की. घुसमाटलीय नुस्ती."

वनमाला बाजेच्या काठावर बसली. "तुमाला कसं कळलं?"

बायनाबाईनं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर छताकडं बघत, एकेक शब्द ओढत ती बोलली.

"मी डावरीच की. माहेरी वाकळा शिवायची, कुंच्या शिवायची. लई बारीक टाका माजा. मावशी म्हनायची, मुंगी चालल्यावानी टाका हाय बायनाचा. लगीन झालं आन् दुसऱ्याच दिशी सासऱ्याच्या ताटात भाकर वाढली. डाव्या हातानं. पंगत उठली अर्ध्यातून."

"मग?"

"मग काय. सासूनं चिंधी घेतली आन् ह्यो हात कमरंला बांधला. पंधरा रोज. झोपतानी बी सोडला न्हाई. उजव्या हातानं पीठ मळ, उजव्या हातानं पानी आन. शिकले. समदं शिकले. सुई न्हाई आली उजव्या हाताला. बोटात घुसायची. मग सोडून दिली."

टेबलफॅनची मान एकदा इकडं, एकदा तिकडं फिरत होती. इतक्या वर्षांत वनमालानं या बाईच्या हातात कधी सुई पाहिली नव्हती. तुटलेलं बटण लावायलासुद्धा ती सुनेला न सांगता शेजारणीकडं जायची, आणि आळशी म्हणून वनमाला मनातल्या मनात तिला बोल लावायची.

"मला कावून न्हाई सांगितलं कदी?"

"काय सांगायचं? तू मशीन घिऊन आलीस. दोन्ही हातानं चालवायचीस." म्हातारीनं डोळे मिटले. "माज्या पोटात दुकायचं."

वनमाला उठली. चुलीवर डाळ होती, ती बघायला गेली. तिथं जरा वेळ नुसतीच उभी राहिली. दया आली का राग उतरला, हे तिचं तिलाच समजेना. अंग जड झालं होतं एवढं खरं. एखादी गोष्ट तीस वर्षं उशिरा कळली की तिचं काय करायचं तेही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या डाव्या हातात सुई धरून पाहिली. सुई लहान पोराच्या हातातल्या पेन्सिलीसारखी डुगडुगली. वरच्या पाच ओळी नीटस हव्या होत्या, आणि तिच्या डाव्या हातानं त्या सहाव्या ओळीहून वाईट झाल्या. तेव्हा तिनं रिंगेत ताणलेलं कापड बाजेपाशी नेलं.

"आत्याबाई, तुमी भरता का?"

"येडी झालीस का. लोक काय म्हनतील."

"कोन हाय हितं?"

बायनाबाईनं दाराकडं बघितलं. वनमालानं दार लोटलं, उशीला उशी लावून सासूला टेकून बसवलं, सुईत दोरा ओवून दिला. रिंग तिनं आपल्या दोन्ही हातांनी, म्हातारीला दिसेल अशी हातभर लांब धरली. म्हातारीच्या डाव्या हातानं सुई घेतली खरी, पण पहिला टाका सूतभरही जागेवर पडला नाही. दुसरा वनमालाच्या बोटात घुसला.

"न्हाई होत," बायनाबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या. उद्या बघू."

उद्याही झालं नाही. तिसऱ्या दिवशी उर्दूतलं पहिलं अक्षर झालं. ते दोघींनाही वाचता येत नव्हतं. नुसती उभी काडीच होती ती, पण बायनाबाईनं ती तीनदा फोटोशी ताडून बघितली. मग रोज दुपारी, ब्लाऊजांच्या बाया येऊन गेल्यावर, दार लोटून अर्धा तास. त्याहून जास्त म्हातारीला झेपायचं नाही. तिच्या कपाळावर घाम यायचा, हात कापायला लागायचा. वनमालाच्या खांद्यांतून रिंग धरून धरून कळा निघायच्या. कधी चार टाके व्हायचे, कधी बारा. फारसं बोलणं व्हायचं नाही. "वर घी." "जरा तिरकं." "दोरा सोड." एवढंच.

त्या दिवसांत एकदा बायनाबाईनं ताट आपल्याकडं ओढलं आणि डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. वनमालानं बघितलंच नाही असं दाखवलं. दोन दिवस म्हातारी स्वतः जेवली. तिसऱ्या दिवशी रामकिसन दुपारी घरी आला, त्याच्या देखत तिनं पुन्हा तोंड वासलं आणि वनमालानं पुन्हा घास भरवले.

पाच ओळींना साडेतीन आठवडे लागले. सहावी ओळ वनमालाची होती. उजव्या हाताची, पण वाईट. ती पुन्हा सोंगासारखीच होऊ लागली तेव्हा बायनाबाई बाजेवरून बघून म्हणाली, "तसं नगं. तू आरामात वाकडं करतीस."

"मग कसं करू?"

"तुला भ्या पाहिजे. मागं कुनीतरी हुबं हाय. सुई जिथं घालायची तिथं जातच न्हाई, आन् तरी घालायचीच हाय. जोर कर. लई जोर कर."

वनमालानं सुई मुठीत आवळून धरली. मान दुखत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, सकाळपासून तीनदा अंथरूण बदललं होतं. तिनं दोरा ओढला आणि कापड आक्रसलं. तिनं थांबून सरळ केलं नाही. त्याच भोकात पुन्हा सुई घातली. आपण काय करतो याचा विचार करायचंही त्राण नव्हतं, आणि त्या दिवशी सहावी ओळ पहिल्यांदा फोटोतल्यासारखी झाली. तिनं ती सासूला दाखवली.

"हां," बायनाबाई म्हणाली. "आता झालं तिच्यावानी."

सातवी-आठवीही तशाच झाल्यावर नावाची ओळ पुन्हा म्हातारीनं घेतली. उजवीकडून, सन आधी आणि 'चं' सगळ्यात शेवटी. नाव तरी पोरीला डाव्या हातानं कसं भरू दिलं असेल, असं वनमालानं विचारलं. "दिलं नसंल," बायनाबाई म्हणाली. "चोरून भरलं आसंल. घरी निऊन." ते खरं की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता.

जूनच्या सुरुवातीला वनिता मॅडम पुन्हा आल्या. त्यांनी पेटी उघडली, नवा नमुना शेजारी ठेवला, भिंग काढलं. आधी पुढची बाजू पाहिली, मग कापड पालथं करून मागची. फार वेळ पाहिलं. वनमाला भिंतीला टेकून उभी होती. हा परत आला तर आपण रडणार नाही आणि पुन्हा करणारही नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"वनमालाताई," मॅडम सावकाश म्हणाल्या, "ही मुलगी डावखुरी होती?"

"हो."

"आम्ही दोन वर्षं हे कापड बघतोय. उर्दूमुळं उजवीकडून सुरुवात केली असेल, असंच मी टिपणात लिहिलंय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आणि सहाव्या ओळीपासून तिचा हात बदलला. तुम्हाला कसं लक्षात आलं?"

वनमालानं बाजेकडं पाहिलं. मॅडम आल्यापासून बायनाबाईनं डावा हात पांघरुणात घालून ठेवला होता. आपलं नाव सांगायचं नाही, असं तिनं आधीच बजावलं होतं. वनमाला मशीनवरची कात्री उगाच सरळ करू लागली.

"म्या वळखलं," बायनाबाई म्हणाली.

मॅडम वळल्या.

"म्या बी डावरी हाय. वरच्या पाच वळी माज्या. आन् नावाची." हात मात्र तिनं बाहेर काढला नाही. "मधल्या हिच्या. हिनं बी लई चांगलं वाईट केलंय."

मॅडम बाजेपाशी जाऊन खाली बसल्या. त्यांनी बरंच काही विचारलं. माहेर कुठलं, कोण शिकवायचं, कुंचीवर कुठले टाके घालायच्या. बायनाबाईनं तुटक तुटक उत्तरं दिली आणि मधेच तिला झोप लागली. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. दोघींची नावं कापडासोबतच्या कागदावर येतील, असं म्हणाल्या.

"बाकीचे दोन?" निघताना त्यांनी विचारलं.

"न्हाई व्हायचे, मॅडम. आत्याबाईचा हात कालपासून सुजलाय. आन् माजी मान." वनमालाला आपण एवढं स्पष्ट बोललो याचं नवल वाटलं. "ह्या एकावरूनच शिकू द्या पोरींना. फाटला तर बघू."

मॅडमनी आग्रह केला नाही. रिक्षा मिळेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या, मग गेल्या. वनमालानं दार लोटलं. तीन ब्लाऊज संध्याकाळी द्यायचे होते. डाळ शिजायची होती. तिनं मशीनवरचा दोऱ्यांचा कचरा गोळा केला आणि टाकायला जाण्याऐवजी बाजेशेजारी फरशीवर बसली. फरशी गार होती. ती आडवी झाली. पाचच मिनिटं, असं म्हणत तिनं डोक्याखाली हात घेतला.

रामकिसन चारला आला तेव्हा ती गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक पाय मशीनच्या पायट्याला लागलेला. इतक्या वर्षांत त्यानं तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. तो घाबरून वाकला.

"माय, हिला काय झालं?"

"काय न्हाई झालं. दमलीय." बायनाबाईनं डाव्या हातानंच त्याला मागं सरकायची खूण केली. "झोपू दे तिला. च्या पाहिजे आसंल तर तुज्या हातानं कर. मला बी घोटभर दे."

रामकिसननं चपला दारात काढल्या आणि साखरेचा डबा कुठं असतो ते शोधायला आत गेला.